हवेतला गोळा

१

लडकूने टोकन टाकलं, आपला नेहमीचा जाडा भिक्षू निवडला, त्याला उंच उडी मारायला लावली आणि लाल बटण दाबलं. हवेत काहीच झालं नाही.

त्याने पुन्हा उडी मारली, पुन्हा बटण दाबलं. भिक्षू रिकाम्या हाताने खाली आला आणि समोरच्या पैलवानाने त्याला दोन लाथांत आडवं केलं. भिवंडीच्या नारपोलीत गेली वीस वर्षं टायफूनवर, पार्लरच्या या मारामारीच्या खेळात, लडकूला असं कोणी लोळवलं नव्हतं. मशीनने तर नाहीच नाही.

"काका," तो मागे न बघताच म्हणाला, "टायफूनचा जीव कोनी बदलला?"

केसरीनाथ म्हात्रे पार्लरच्या गल्ल्याशी अगरबत्ती लावत होते. शुक्रवारची सकाळ, नुकते नऊ वाजलेले. शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद, म्हणजे कारागीर मोकळे, आणि त्यातून आज दुपारी चारला टायफूनची स्पर्धा. ही स्पर्धा साधी नव्हती. टीव्हीला जोडून खेळायचं नवं घरगुती मशीन बाजारात आलं आणि त्यावर जुना टायफूनही खेळता येऊ लागला, तेव्हापासून 'केसरी गेम पार्लर'मध्ये माश्या मारायची पाळी आली होती. केसरीनाथांचा मुलगा मितेश रोखठोक बोलून गेला होता, "बाबा, शुक्रवारी पार्लर भरला तर तुमचा. न्हाय भरला तर एक तारखेपासून गाळा कुरिअरवाल्याला." आणि म्हातारा हट्टाने हो म्हणून बसला होता.

केसरीनाथांनी मशीनच्या मागचं कुलूप उघडलं. कुलूप शाबूत होतं. आत बोर्डही होता, वायरी जागच्या जागी होत्या, दिवे लुकलुकत होते.

"लडकू," केसरीनाथ हळूच म्हणाले, "ह्यो बोर्ड माजा न्हाय."

२

निशा भोईर त्याच गल्लीत राहायची आणि वडपेच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये परत आलेल्या पार्सलांच्या विभागात काम करायची. लोक वस्तू विकत घेतात, वापरतात आणि 'बिघडलेली निघाली' असं लिहून परत पाठवतात. खरं कोण आणि लबाड कोण, हे खोकं उघडून ठरवणं ही तिची रोजची ड्युटी. अकरा वर्षांत तिने एकच नियम पाळला होता: सोबतची चिठ्ठी शेवटी वाचायची, आधी वस्तू नीट बघायची. त्यामुळे गल्लीत कोणाचं काही हरवलं की लोक पोलिसांच्या आधी तिला हाक मारायचे. तिच्या सुट्टीचा विचार कोणीच करत नसे, हा भाग वेगळा.

ती ओल्या केसांनीच पार्लरच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपण इथे पहिल्यांदाच आत येतोय. चाळीस वर्षं याच गल्लीत काढली, पण हे दार पुरुषांचं. कोणी पाटी लावली नव्हती, तरी बाया आत येत नसत.

"तुमचा बोर्ड ओळखायचा कसा, काका?" तिने विचारलं.

"आंधला पन वलखंल. दर दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू लावतंय. अठ्ठावीस दसरे झाले. कोपऱ्यावर ह्यो थर चढलाय." त्यांनी बोटाने जाडी दाखवली. "ह्यो बघ, साला चकचकीत."

"आणि हवेतला गोळा म्हणजे काय?"

हे लडकूने सांगितलं. केसरीकाकांच्या टायफूनमध्ये उडी मारल्यावर हवेतूनच आगीचा गोळा फेकता येतो. मशीन फेकतं, माणूसही फेकतो. सगळी नारपोली यावरच तरबेज झाली. आज तो गोळा गेला होता.

"शेवटचा गोळा कधी पडला?"

"काल सकाली," केसरीनाथ म्हणाले. "शटर उघडल्यावर पहिला डाव मीच खेलतंय, बोहनीचा. काल टाकला. आज माज्या आधी ह्यो लडकू बसला."

"त्यानंतर आत कोण कोण आलं?"

"कोनी न्हाय गं. गुरुवारी एकला शटर खाली. मंग झाडलोट. चारला उघडायचा त लाइट गेली, ती रातीपर्यंत आलीच न्हाय. उघडलाच न्हाय मी."

शटरची एक किल्ली केसरीनाथांच्या कमरेला, दुसरी घरी खिळ्याला. मशीनच्या दोन किल्ल्याही तशाच, एक कमरेला, एक खिळ्याला. निशाने चकचकीत बोर्ड हातात घेऊन उलटापालटा केला. कंपनीचा मूळ शिक्का, जुना पण जपून ठेवलेला माल. तिला पहिल्यांदाच गंमत वाटली. हा चोर वाईट वस्तू नेऊन चांगली ठेवून गेला होता.

"कोणावर संशय आहे?" तिने विचारलं.

केसरीनाथांनी रस्त्यापलीकडे बोट केलं. तिथे निळ्या दिव्यांची पाटी होती: 'धनेश गेमिंग झोन'.

३

धनेश हा केसरीनाथांचा सख्खा पुतण्या. कंपाउंडच्या एका भिंतीवरून दोघांत सहा वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याआधीही काकांच्या मशीनला त्याने कधी हात लावला नव्हता; खेळायला शिकला तो नव्या मशीनवरच. त्याने समोरच चार सोफे, चार टीव्ही आणि नवी मशीनं लावून एसीत दुकान मांडलं होतं, आणि आज चारला त्याची पोरं काकांच्याच मशीनवर काकांच्या माणसांना हरवायला येणार होती.

"काकांच्या हवेतल्या गोळ्याचं काय केलंस?" निशाने सरळच विचारलं.

धनेश हसला. "ताई, तुम्ही पण? हवेतला गोळा असा काही प्रकारच नाही टायफूनमध्ये. सगळे डाव पाठ आहेत मला. हे लडकू वगैरे लोक फेकतात नुसते."

त्याने टीव्हीवर खेळून दाखवलं. त्याचा भिक्षू उड्या मारत होता, पण हवेत असताना धनेशचं बोट त्या बटणाकडे वळतसुद्धा नव्हतं. ज्याला गोळा माहीत आहे आणि जो लपवतोय, त्याचं बोट निदान एकदा तरी अडखळलं असतं. निशाने त्याच्या नावावर मनातल्या मनात काट मारली.

मग ती अंजूरफाट्याला हरेशकडे गेली. पार्लरची मशीनं दुरुस्त करणारा ठाणे जिल्ह्यात आता तो एकटाच उरला होता. निशाने बोर्डाचा फोटो दाखवताच त्याचा चेहरा खुलला.

"अरे, ये तो अपनाच माल है, ताई! ओरिजनल टायफून. पंधरा वर्षं पडून होता, कोणाला नको होता. काकांकडे होता तो डुप्लिकेट. त्या काळी कोणीतरी नक्कल मारली आणि वर आपल्या मनाचं काहीबाही घुसवलं. हवेतला गोळा त्यातलाच. पब्लिकला वाटलं, हाच खरा."

"म्हणजे नारपोलीला अठ्ठावीस वर्षं खोटा टायफून येतोय?"

"खोटा कसा? लोकांनी खेळला ना दिलसे." हरेशला ते लागलं. "आता नव्या मशीनवर ओरिजनल आला, तेव्हा फरक कळतोय. तोही दोन्ही खेळणाऱ्यालाच."

"मग तुझा बोर्ड त्या मशीनमध्ये कसा आला?"

हरेशने फोन काढून दाखवला. बुधवारी पार्लरच्या नंबरवरून मेसेज आला होता: 'टायफूनचा ओरिजनल बोर्ड पाठव. कसा बसवायचा ते लिही.' हरेशने लिहिलं होतं, एक लांब पट्टी ओढायची आणि दुसऱ्या बोर्डाला लावायची, गॅसचा रेग्युलेटर बदलण्याइतकं सोपं. गुरुवारी सकाळी तो काकांच्या ओट्यावर पिशवी ठेवून गेला होता.

"काकांचाच मेसेज ना, ताई?" त्याने घाबरून विचारलं.

निशाने तो मेसेज पुन्हा एकदा वाचला. केसरीनाथांना फोन उचलता यायचा, करता यायचा, पण मेसेज लिहिणं त्यांच्या बापजन्मात जमलेलं नव्हतं. आणि पार्लरचा तो जुना फोन पार्लरमध्ये नसायचाच. तो असायचा म्हात्र्यांच्या घरात, फ्रिजवर, चार्जिंगला. चोर घरातलाच होता.

४

म्हात्र्यांच्या घरी मितेश एका हाताने भाकरी खात होता आणि दुसऱ्या हाताने वडपेच्या कुठल्याशा जमिनीचे कागद चाळत होता. निशाचा प्रश्न ऐकून तो भडकलाच.

"मी? मला स्पर्धा मोडायची असती तर फ्यूज काढून खिशात घातला असता! बोर्ड कशाला बदलू? चालतंय ना मशीन? मग फरक काय पडला?"

"गोळा पडत नाही."

"कसला गोळा?" मितेशने विचारलं, आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या अगदी खऱ्या होत्या. बापाच्या पार्लरमधला एकही खेळ या माणसाला येत नव्हता.

टीव्हीखाली नवं मशीन होतं. "हे तू आणलंस?" निशाने विचारलं.

"सगळ्यांनी घेतलं म्हणून मी पण घेतलं. चार दिवस खेळलो, कंटाळलो. महिना झाला, हात न्हाय लावला."

निशा वाकली. एका कंट्रोलरवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. दुसऱ्याची डावीकडची दांडी घासून गुळगुळीत झाली होती. गोडाऊनमध्ये तिने असे शेकडो कंट्रोलर पाहिले होते. डावा अंगठा त्या दांडीवर तासन्‌तास फिरतो, तेव्हा ती अशी होते. चार दिवसांत होत नाही.

मितेशची बायको करिष्मा चहा घेऊन आली. कप पुढे करताना तिच्या डाव्या अंगठ्यावरची पट्टी निशाला दिसली.

"काय झालं गं?"

"भाकरी उलटताना भाजलं, ताई."

निशाने मान डोलावली आणि चहा घेतला. तांदळाची भाकरी तीही रोज करत होती. भाकरी उलटते उजव्या हाताने, आणि चटका बसतो बोटांच्या टोकांना. तिची नजर सहज कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे गेली. देवांखाली कोरं लाल कापड होतं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती, आणि देव नेहमीपेक्षा जरा उंच बसल्यासारखे दिसत होते.

"आज काय विशेष?" निशाने विचारलं.

"न्हाय. जुनं मळलं होतं," करिष्मा म्हणाली आणि भरभर आत गेली.

मितेशचा फोन वाजला, तो बोलत बोलत बाहेर पडला. निशाने कप खाली ठेवला. चोर कोण ते तिला कळलं होतं. आता सांगायचं कोणाला, आणि कसं, याचा मात्र तिला काही थांग लागेना.

५

ती स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली. "करिष्मा, मी बोलते. चुकलं तर थांबव."

करिष्मा ओट्याला टेकून उभी राहिली.

"चोराला मशीन बंद पाडायचं नव्हतं. तसं असतं तर त्याने चांगला बोर्ड कशाला ठेवला असता? त्याला मशीन चालू हवं होतं, फक्त गोळा नको होता. म्हणजे हा माणूस दोन्ही टायफून खेळलेला. लडकूने नवा पाहिलेला नाही, धनेशने जुना पाहिलेला नाही, मितेशला दोन्हींतलं काही कळत नाही. हरेशला दोन्ही ठाऊक, पण त्याने सगळं आपण होऊन दाखवलं आणि घरातला फोन काही त्याच्या हातात नव्हता. मग राहिलं कोण? ज्याच्या घरात नवं मशीन आहे, ज्याचा डावा अंगठा सोलवटलाय, आणि जो शटर खाली असताना पार्लरमध्ये जातो. काका म्हणाले, कोणी आलं नाही. लगेच म्हणाले, झाडलोट झाली. झाडणारं माणूस त्यांनी मोजलंच नाही. खरं सांगते, ऐकताना मी पण नाही मोजलं."

करिष्माचे डोळे भरले होते, पण तिने नजर खाली घातली नाही.

"आणि परक्याने तो जुना बोर्ड खाडीत फेकला असता. त्याला तो मळकट पत्रा वाटला असता. पण अठ्ठावीस वर्षं हळदकुंकू लागलेली वस्तू या घरातली सून कुठे ठेवणार? कचऱ्यात नाही, जमिनीवर नाही, फडताळात चपलांच्या वर तर नाहीच. देवाखाली ठेवलीस ना?"

"मना दुसरी जागाच सुचली न्हाय, ताई," करिष्मा म्हणाली आणि रडू लागली.

मग सगळं बाहेर आलं. नऊ वर्षं झाली लग्नाला. पार्लर घरचं, पण ती आत जायची ती झाडू घेऊन. नवऱ्याने मशीन आणलं, टाकून दिलं, आणि एका दुपारी तिने ते सुरू केलं. मग रोज दुपारी. "नेटवरून कुठले कुठले लोक समोर यायचे, ताई. कोनाला काय म्हाइत मी बाई हाय का काय. मी जिंकायची. रोज जिंकायची!" हे सांगताना रडतारडता तिचा चेहरा उजळला होता. "मंग झाडायला गेले तवा बाबांच्या मशीनमध्ये एक टोकन टाकला. माजी उडी बरोबर, हात बरोबर, आनि वरून गोला आला! तीनदा हरले. मना वाटलं, मना काही येतच न्हाय. घरी येऊन दहा वेला बघितलं, तवा कललं, खेलच वेगला हाय. नव्यावर ओरिजनल लिहिलंय, म्हनून हरेशकडं तोच बोर्ड मागितला. आज चारला मना काचेवर टोकन ठेवायचं होतं. नंबर लावायचा होता. आनि सगल्यांच्या समोर पहिल्याच डावात पडले असते, तर परत कंदी कोनी बाईला उभं केलं असतं तिथं?"

निशाला तिची कीव आली, रागही आला. "तुला बरोबरीचा खेळ हवा होता, कळलं. पण लडकूचा वीस वर्षांचा हात तू एका दुपारी काढून घेतलास. तो बिचारा सकाळपासून स्वतःचीच बोटं तपासतोय."

हे करिष्माच्या मनात आलंच नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले, देव्हाऱ्यासमोर जाऊन देव एकेक करून पाटावर ठेवले, आणि कापडाखालून बोर्ड काढला.

"मी सोता सांगते बाबांना," ती म्हणाली.

६

केसरीनाथांनी ऐकून घेतलं. लडकू आणि निशाच्या मागोमाग घाबरून आलेला हरेशही तिथेच होते. म्हातारा लाल झाला, मग पांढरा पडला, मग खुर्चीत बसला. घरातल्या किल्लीने घरच्याच सुनेने, स्पर्धेच्या आदल्या दिवशी! निशाला वाटलं, आता फुटतो ज्वालामुखी.

"निशा," शेवटी ते म्हणाले, "खेल किती येतो हिला?"

"मला काय माहीत, काका? मी कधी खेळले नाही."

केसरीनाथांनी हात लांबवून टायफूनच्या काचेवरून फिरवला. "टीव्हीचा गेम आला तवा पार्लर रिकामा झाला. सीडीवरचा आला, पुन्ना झाला. मोबाइल आला, पुन्ना. दर वेलेला मानूस महिनाभर घरात बसतो, मंग त्याला हरवायला समोर जिता मानूस लागतो, म्हनून परत येतो. पन दर वेलेला थोडे कमीच येतात. मना कंदी वाटलाच न्हाय, का कंदीच न आलेला मानूस पन येल." ते करिष्माकडे वळले. "चोरी केलीस, ती चूकच. लडकूची माफी माग."

तिने मागितली. लडकूने मान खाजवली. "वयनी, मना वाटला मीच म्हातारा झालो. बरा झाला सांगितलात."

उपाय निशाने सुचवला. कोपऱ्यातलं विमानांचं मशीन धूळ खात होतं, त्याचा पडदा आणि दांड्या ठीक होत्या. हरेशने दोन तासांत ओरिजनल बोर्ड त्यात बसवला, नारपोलीचा टायफून आपल्या जागी गेला, आणि केसरीनाथांनी फलकावर खडूने लिहिलं: एक डाव गोळ्याचा, एक डाव बिनगोळ्याचा, बरोबरी झाली तर तिसरा.

चार वाजता धनेशची पोरं आली, लूमवाले आले, आणि सहा वर्षांनी धनेशही आला. 'हवेतला गोळा आहे' हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पहिल्याच डावात तो त्या गोळ्याने पडला आणि बाकीच्यांपेक्षा जास्त तोच हसला. पोरांना लूमवाल्यांचं मशीन येईना, लूमवाल्यांना पोरांचं. ज्याला त्याला दुसरं शिकायचं होतं. पाच वाजेपर्यंत गर्दी रस्त्यावर आली.

मग करिष्माने काचेवर टोकन ठेवलं. "ये भाभी खेलेगी?" कोणीतरी मागून विचारलं.

"खेलेल," लडकू म्हणाला. "सरका जरा."

बिनगोळ्याच्या मशीनवर तिने धनेशच्या तीन पोरांना आणि मग लडकूलाही हरवलं. गोळ्याच्या मशीनवर लडकूने तिला हरवलं, पण सहज नाही. तिसरा डाव कुठे खेळायचा? केसरीनाथ नाणं उडवणार, तेवढ्यात लडकूने त्यांचा हात धरला आणि तो स्वतःच करिष्माच्या मशीनसमोर जाऊन उभा राहिला. त्या डावात दोघांचा जीव सारखाच कमी होत गेला. शेवटी दोघांचेही भिक्षू एका फटक्यावर आले असताना लडकूने गोळा नाही, काही नाही, साधी खालची लाथ मारली आणि जिंकला.

"गोला न्हाय तरी जिकला!" तो ओरडला आणि लहान पोरासारखा नाचला. हरलेली करिष्मा त्याच्याहून मोठ्याने हसत होती.

दारात मितेश अडकला होता. गर्दीमुळे त्याला स्वतःच्या गाळ्यात शिरता येत नव्हतं. "आत कोण खेळतंय एवढं?" त्याने निशाला विचारलं.

"तुझी बायको."

मितेशने टाचा उंच करून पाहिलं. करिष्मा तिघा पोरांना दांडी कशी धरायची ते दाखवत होती, आणि पोरं शाळेत ऐकत नसतील इतकं ऐकत होती. नऊ वर्षांत त्याने तिला इतकं मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. त्याला ते आवडलं, आणि आवडल्याची थोडी लाजही वाटली. त्याने फोन काढला, कुरिअरवाल्याला लावला आणि गाळा रिकामा नाही, होणारही नाही, एवढंच सांगून ठेवून दिला.

गर्दी थोडी हलली, तेव्हा रस्त्यावर लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या तीन बाया उभ्या दिसल्या. सुट्टीच्या दिवशी बाजाराला निघालेल्या, हातात पिशव्या. त्या मघापासून आत बघत होत्या आणि एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. शेवटी त्यातली थोरली पुढे झाली.

"दादा, आमाला पन खेलायला मिलंल का?"

केसरीनाथ म्हात्रे खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले आणि वाटेतल्या माणसांना हाताने बाजूला करत म्हणाले, "मिलंल ना. या, आत या."